आपल्या गल्लीतली बेकारी आपण कशी मोजावी

माझा मामेभाऊ लागोसजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत नऊ वर्षं काढून तो नायजेरियाला गेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा व्हॉइस मेसेज आला, "आक्का, इथल्या पेपरात आलंय, बेकारी चार टक्क्यांवर आली म्हणे. मी रोज सकाळी फाटकातनं आत जातो तवा बाहेर शंभरावर पोरं उभी असतात. आजच्या दिवसाचं काम मिळंल काय म्हणून. ही पोरं कुणाच्यात मोजली?"

त्याच दिवसांत मी आमच्या गावची मोजणी करायच्या तयारीत होते. आमचं गाव बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या पुढं. त्याआधीच्या एका ग्रामसभेत आम्ही काही जणी उठून म्हणालो होतो, की गावात शिकलेली पोरं बेकार बसलीत. समोरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "किती?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. 'पुष्कळ' हे उत्तर कागदावर चढत नाही. लग्नाआधी दोन वर्षं मी एका सर्वेक्षणात कंत्राटी गणक म्हणून घरोघर फिरले होते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. आता तीनदा मोजणी झाली आहे. पहिल्या वेळी आम्ही ज्या चुका केल्या त्या तुमच्या गावात होऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर

मोजणीला हात घालण्याआधी नायजेरियाची गोष्ट नीट समजून घ्या. मी ती आमच्या गणक मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगते.

तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२० च्या शेवटच्या तिमाहीचा बेरोजगारीचा दर ३३.३ टक्के दिला होता. १५ ते ३४ वयाच्या तरुणांत तो ४२.५ टक्के होता. त्यानंतर मोठा खंड पडला. २०२३ मध्ये नवी आकडेवारी आली आणि त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीचा दर निघाला ४.१ टक्के. एवढ्यात कोट्यवधी नोकऱ्या उगवल्या नव्हत्या. मोजायचं माप बदललं होतं. आधी तिथं आठवड्याला २० तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस बेरोजगार धरत, आणि २० ते ३९ तास करणारा अर्धरोजगार. नव्या पद्धतीत, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मापाप्रमाणे, आठवड्यात पैशासाठी किंवा नफ्यासाठी १ तास जरी काम केलं तरी तो माणूस कामाला लागलेला. वयाची वरची ६४ ची मर्यादाही काढली.

म्हणजे फाटकाबाहेरच्या पोरानं मंगळवारी तीन तास पोती चढवली असली, की त्या आठवड्यापुरता तो रोजगारवाला झाला.

यात कुणी चोरी केली असं मला वाटत नाही. १ तासाचं माप जगभर चालतं, आणि आपल्या देशाच्या श्रमबल सर्वेक्षणातही साप्ताहिक स्थिती, म्हणजे गेल्या सात दिवसांत कोण कामाला होतं ते, काढताना हेच माप आहे. नायजेरियात बेकारभत्ता नाही. तिथं हातावर हात ठेवून बसणं गरिबाला परवडत नाही, माणूस मोबाईलचं रिचार्ज विकतो, ओकाडा म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवतो, काहीतरी करतोच. म्हणून त्याच अहवालात दुसरा आकडा होता, ९२.६ टक्के कामकरी असंघटित कामात. त्याच वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत तिथला श्रमबल सहभाग दर, म्हणजे शंभरात कामाला असलेले आणि काम शोधणारे मिळून किती, ८०.४ टक्के होता. आपल्या देशाचा २०२३-२४ चा दर, १५ वर्षांवरच्यांचा, ६०.१ टक्के. ८० मोठा म्हणून तिथं सगळं बरं चाललंय असं नाही, आणि ४.१ लहान म्हणूनही नाही. माझं म्हणणं इतकंच, की एकच आकडा काढायचा असेल तर मोजणीला निघूच नका. तासांसकट मोजा, मग त्यातून हवे तेवढे आकडे निघतात.

कोण मोजायचे, कधी मोजायचे

वय आधी ठरवा. घाना १५ ते ३५ वयाला तरुण म्हणतं, नायजेरियाचं जुनं कोष्टक १५ ते ३४ चं होतं, आपल्या देशाच्या अहवालात १५ ते २९. आम्ही १५ ते ३५ सगळ्यांना विचारतो आणि १५–१९, २०–२४, २५–२९, ३०–३५ असे चार गट वेगळे ठेवतो. असं केलं की सरकारी १५–२९ शी तुलनाही करता येते. गट वेगळे का ठेवायचे ते घानाच्या २०२१ च्या जनगणनेत दिसतं. १५ ते ३५ मधली बेरोजगारी १९.७ टक्के, पण फक्त १५ ते २४ घेतले तर ३२.८. १५ वर्षांवरच्या सगळ्या बायांची १५.५, पुरुषांची ११.६. सगळे एका टोपलीत टाकले असते तर १३.४ एवढंच दिसलं असतं. वय विचारताना जन्मसाल विचारा. "बावीस-तेवीस" असं सांगणारे फार.

आठवडा निवडताना गणपती, गावची यात्रा आणि लग्नसराई टाळा. पहिल्या वेळी आम्ही गणपतीत मोजणी केली. सगळी भेटतात म्हणून बरं वाटलं, पण गोव्यातल्या कंपन्यांत असणारी, पुण्याला असणारी पोरं सुट्टीवर घरी होती आणि आम्ही त्यांना गावचे बेकार म्हणून लिहून बसलो. तो सगळा गठ्ठा फुकट गेला. आता नियम असा, की वर्षातले सहा महिने किंवा जास्त जो बाहेर राहतो तो बाहेरच्या रकान्यात, आणि तिथं कुठल्या गावी, कसल्या कामाला, एवढंच लिहायचं.

वर्षातून दोनदा मोजा. एकदा भाताच्या सुगीत किंवा रताळी काढणीत, एकदा उन्हाळ्यात. सुगीत आमच्या गल्लीत बेकार माणूस शोधून सापडत नाही. एप्रिलमध्ये त्याच गल्लीत दुपारी ब्रह्मलिंगाच्या कट्ट्यावर बसायला जागा नसते. एकाच वेळेचा आकडा घेऊन पंचायतीत गेलात, तर कुणीतरी उठून दुसऱ्या हंगामाचं उदाहरण देतो आणि विषय तिथंच थांबतो.

विचारायचं कसं

"तू बेरोजगार आहेस का?" हा प्रश्न कागदावर नको आणि तोंडातही नको. ज्याच्या लग्नाची बोलणी चालली आहेत तो पोरगा आईसमोर "कंपनीत आहे" म्हणणारच. आणि "काय करूलालास?" म्हणून विचारलं, तर "काय नाय, बसलोय" म्हणणारा पोरगा सकाळी चार तास दुधाची गाडी चालवत असतो.

विचारायचं ते गेल्या सात दिवसांबद्दल, दिवसवार. "काल काय केलंस? परवा? रविवारी?" असं मागं मागं जात. आधी काम, मग तास, मग पैसे कुणी दिले. शेवटचा प्रश्न आधी विचारला तर लोक आवरतं घेतात.

बायकांना विचारताना दुप्पट वेळ धरा. पहिल्या फेरीत एका घरी गेलो. भाऊजी पुढं बसलेले. म्हणाले, "ही घरातच असते, हिचं काही लिहू नका." वहिनीही मान हलवून आत गेल्या. गणक मुलीनं तसंच लिहिलं. मी दुसऱ्या दिवशी एकटी परत गेले, मागच्या दारानं, गोठ्यात. दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ धार, दूध डेअरीला. त्या आठवड्यात तीन दिवस दुसऱ्याच्या शेतात भांगलण. तास मांडले तर चाळीसच्या वर गेले. म्हणाल्या, "हे काम कुठलं, हे तर असतंच की." आमच्या गणकांना मी हे वाक्य मुद्दाम सांगते, कारण अशा बायकांना आपण 'घरकाम' म्हणून बाजूला काढलं की गावाचा सहभाग दर खोटा पडतो. आपल्या देशात १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के आला. तो आकडा असा कुणी पुढच्या दारात विचारून लिहिला की मागच्या दारात, यावर बराच हलतो असं मला अनुभवानं वाटतं.

घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी व्यक्ती आपल्या सर्वेक्षणात कामकरी धरली जाते. घरच्या धंद्यात मुलगी काउंटरवर बसत असेल तर तीही. मात्र इथं एक बारीक गाठ आहे. आपल्याकडं फक्त घरी खायला पिकवलेलं भातही काम धरतात. आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१३ साली ठरवलेल्या मापात मुख्यतः घरी खायला पिकवणं हे रोजगारात येत नाही, आणि नायजेरियाची नवी मोजणी त्याच मापानं जाते. आमच्या भागात भात बहुतेक घरापुरतं आणि रताळी, बटाटा, कोबी विक्रीला. म्हणून शेताच्या तासांपुढं 'घरापुरतं' की 'विक्रीला' एवढी एक खूण करा. नंतर कुठल्याही मापानं आकडा काढता येतो.

ज्याला सात दिवसांत काहीच काम नव्हतं, त्यालाच पुढचे दोन प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंस का, आणि कसं? उद्या काम मिळालं तर जाशील का? "कसं" विचारायला विसरू नका. ठेकेदाराला फोन केला, शिनोळीच्या कंपनीत बायोडाटा देऊन आला, ओळखीच्या दादाला सांगून ठेवलं, हे सगळं शोधणंच आहे. जो म्हणतो "शोधून शोधून सोडून दिलं, पण मिळालं तर जाईन", त्याला नुसता 'नाही' मध्ये टाकू नका. आंतरराष्ट्रीय मापानं तो श्रमबलाच्या बाहेर जातो, आपल्या देशाच्या मापानं 'उपलब्ध' म्हणून बेरोजगारांत राहतो. त्याच्यासाठी वेगळा रकाना करा, आणि माझं ऐकाल तर तो रकाना सगळ्यांत आधी वाचा.

भरतीची तयारी करणाऱ्यांचं काय करायचं, यावर आमच्यात फार वाद झाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं पहाटे मैदानावर धावणारी पोरं आमच्या प्रत्येक गावात आहेत. शिवाय पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा. विद्यार्थी म्हणावं तर कॉलेज संपून तीन वर्षं झालेली. बेरोजगार म्हणावं तर तो म्हणतो, "मी तयारी करतोय." आम्ही 'तयारी' असा रकाना केला आणि तिथं तीन गोष्टी लिहितो: किती वर्षं, कशाची, आणि वयाची अट किती दिवसांनी संपते. उद्या काम मिळालं तर जाशील का, हा प्रश्न त्यालाही विचारतो. 'हो' म्हणाला तर बेरोजगारांत, 'नाही' म्हणाला तर बाहेर. एका पोरानं बराच वेळ गप्प राहून 'हो' म्हटलं आणि वर सांगितलं, "घरात सांगू नका." तेव्हापासून हा प्रश्न आम्ही घरात विचारतच नाही.

ज्याला काम आहे त्यालाही एक प्रश्न उरतो, अजून जास्त तास काम मिळालं तर करशील का? आणि दुसरा, पीएफ कापतात का, लेखी पत्र आहे का? शिकाऊ उमेदवाराला पैसे मिळत असतील तर तो कामाला आहे असंच धरा, पण 'शिकाऊ' म्हणून लिहा. वर्षानं त्याला सोडलं की तो पुढच्या मोजणीत कुठं दिसतो ते कळायला हवं.

हिशेब

हा भाग लोकांना भीतीचा वाटतो. बेरीज-भागाकारापलीकडं यात काही नाही. समजा तुमच्या गल्लीत १५ ते ३५ वयाचे १२० जण आहेत. त्यातले ४० श्रमबलाबाहेर, म्हणजे शिकणारे किंवा घरचं बघणारे, काम नाही आणि नकोही आहे असे. उरले ८०, हे श्रमबल. सहभाग दर ८० भागिले १२०, म्हणजे ६६.७ टक्के.

आता ८० जणांचे तास बघा. ८ जणांना एकही तास काम नाही आणि ते शोधताहेत. १६ जणांना २० तासांपेक्षा कमी. २० जणांना २० ते ३९ तास. ३६ जणांना ४० तास किंवा जास्त. आजच्या मापानं बेरोजगारी ८ भागिले ८०, म्हणजे १० टक्के. नायजेरियाच्या जुन्या मापानं ८ अधिक १६, म्हणजे २४ भागिले ८०, म्हणजे ३० टक्के. शिवाय २० जण, म्हणजे २५ टक्के अर्धरोजगार. गल्ली तीच, आठवडा तोच.

भागायचं ते ८० नं, १२० नं भागू नका. ही चूक आमच्या पदवीधर पोरांनीही केली.

आणखी एक करून बघा. त्या ८ मधल्या ४ जणांनी कंटाळून शोधणं सोडलं असं धरा. आंतरराष्ट्रीय मापानं ते बाहेर गेले. श्रमबल ७६, बेरोजगार ४, दर ५.३ टक्के. एकालाही काम लागलं नाही आणि दर जवळजवळ अर्ध्यावर आला. त्याच वेळी सहभाग दर ६६.७ वरून ६३.३ वर घसरलेला दिसतो. म्हणून बेरोजगारीचा दर कुणी सांगितला की शेजारी सहभाग दर मागून घ्या, मग तो गावचा असो, देशाचा असो, नाहीतर लागोसचा.

कागद, माणसं, भाषा

साठ-सत्तर घरांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी जोडी पुरते. संध्याकाळी सहा ते साडेआठ, आणि रविवारी सकाळी. दिवसाला दहा घरांपेक्षा जास्त करू नका, शेवटच्या घरांची उत्तरं थकव्यानं बिघडतात. फुलस्केपवर आडवे रकाने आखा. घराला नंबर द्या, नाव लिहू नका. नाव आणि नंबर यांची जोड एकाच वहीत, आणि ती वही एकाच माणसाकडं. पहिल्या फेरीत आमचा एक कागद कुणाच्या तरी हातात गेला आणि अमक्याचा पोरगा बसून आहे ही बातमी सोयरिकीच्या घरापर्यंत पोचली. त्या घरच्या माउलीनं मला वर्षभर हाक मारली नाही. ते बरोबरच केलं त्यांनी.

नोकरीचं आश्वासन देऊ नका. "नाव लिहून घेतलं म्हणजे काहीतरी मिळणार" असं लोक धरतातच. प्रत्येक दारात सांगा, आम्ही मोजायला आलोय.

आपण विचारतो मराठीत, पण पंचायतीचं दप्तर कन्नडमध्ये. मोजणीचा गोषवारा दोन पानांत करा आणि मराठी प्रतीबरोबर कन्नड प्रत जोडा. आमच्या गावातल्या कन्नड माध्यमात शिकलेल्या दोन मुलींनी ते एका बैठकीत करून दिलं. दोन्ही प्रती आवक-जावकला द्या आणि तिसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. पुढच्या ग्रामसभेत तीच प्रत हातात ठेवा.

मोजणी करताना आणखी दोन रकाने ठेवले तर लगेच उपयोग होतो. एक, पदवी किंवा डिप्लोमा कुठल्या साली झाला. कर्नाटकची युवा निधी योजना जानेवारी २०२४ पासून पैसे देऊ लागली. पदवीधराला महिना ३,००० रुपये, डिप्लोमावाल्याला १,५००, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि पास होऊन १८० दिवस काम नसलं पाहिजे ही अट. सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर अर्ज. आमच्या गावात पात्र असून माहीतच नसलेली मुलं या रकान्यामुळं सापडली. दुसरा रकाना, कन्नड लिहिता-वाचता येतं का, आणि महाराष्ट्राच्या भरतीसाठी सीमाभागातल्या ८६५ गावांच्या सवलतीचा, म्हणजे १५ वर्षं वास्तव्याचा दाखला काढला आहे का. भरतीची जाहिरात आली की मग धावाधाव करण्यापेक्षा हा कागद आधी तयार असू दे.

बायकांना एक जादा प्रश्न आम्ही तिसऱ्या फेरीपासून विचारतो, काम किती लांब असलं तर जमेल? जून २०२३ पासून कर्नाटकात लाल बसचं तिकीट बायकांना लागत नाही, म्हणून आम्हाला वाटलं बेळगावपर्यंत सगळ्या तयार होतील. उत्तर बसच्या वेळेवर निघालं. संध्याकाळी सातनंतर परतीची गाडी नसेल तर तिकीट फुकट असून काय करायचं, असं एकीनं विचारलं. त्या रकान्याची बेरीज करून आम्ही डेपोला अर्ज दिला आहे, पोच घेऊन.

कागदाच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहा: मोजणीचा आठवडा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, वय किती ते किती, आणि बेरोजगार कुणाला म्हटलं. पुढच्या वेळी तुमच्या जागी दुसरी कुणी मोजेल. तिनं यातली एकही गोष्ट बदलली तर तसं वरच लिहावं, आणि एक वेळ तरी जुन्या आणि नव्या दोन्ही मापांनी आकडा काढावा. आमची पुढची फेरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. रकाने आखून ठेवलेत, पॅड आणि पेनं आणली आहेत, दोन गणक मुली कमी पडताहेत.